म्युझिकल यूथचा पहिला अल्बम 'द यूथ ऑफ टुडे': त्या एका हिट गाण्याच्या पुढे जाऊन ऐका

म्युझिकल यूथ हा ब्रिटिश रेगे (जमैकातून आलेलं संगीत) बँड म्हटलं की लोकांना 'पास द डची' आठवतं आणि तिथेच विषय संपतो, २०२२ ला 'स्ट्रेंजर थिंग्ज' या वेब सिरीजमध्ये ते गाणं परत वाजलं तेव्हा नवीन पोरांनाही तेवढंच कळलं. पण ते ज्या अल्बमवर आहे तो १९८२ चा 'द यूथ ऑफ टुडे' अख्खा ऐकलेले लोक फार कमी भेटतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

बर्मिंगहॅमची ही पाच पोरं. भावांच्या दोन जोड्या, ज्युनियर आणि पॅट्रिक वेट, मायकल आणि केल्विन ग्रँट, आणि मेन गायक डेनिस सीटन. अल्बम आला तेव्हा केल्विन ११ वर्षांचा, सगळ्यात मोठे १५ चे! वेट भावांचे वडील फ्रेडी वेट जमैकाच्या द टेक्निक्स या ग्रुपमध्ये गायलेले, सुरुवातीला पोरांबरोबर लीडला तेच गायचे, डेनिस नंतर आला. म्हणजे रेगे या पोरांच्या घरातच होता, कुणी स्टुडिओत बसवून शिकवलेला नाही, आणि ते ऐकताना जाणवतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते ड्रम आणि बेसचं जमणं. ज्युनियर ड्रमवर, पॅट्रिक बेसवर, सख्खे भाऊ. रेगेत गिटार ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधे चाप मारते आणि गाणं खरं तर बेस पुढे नेतो, त्यामुळे बेसवाला जरा घाईत आला की सगळं बिघडतं. इथे कुठेच घाई नाही. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकाल तर यातलं अर्धं कळणारच नाही, हेडफोन लावाच.

टायटल साँग तर ऐकाच. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बेकार लोकांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला होता, बर्मिंगहॅमच्याच यूबी४० या बँडने तर बेकारभत्त्याच्या फॉर्मचंच नाव घेतलं होतं, आणि अशा वेळी शाळेतली पोरं तरुणांची बाजू मांडतायत. 'पास द डची'चंही तसंच आहे, मूळ द मायटी डायमंड्स या जमैकन ग्रुपचं गाणं गांजावरचं, पोरांनी गायचं म्हणून चिलमीच्या जागी स्वयंपाकाचं भांडं (म्हणजे 'डची') आलं आणि पोटात अन्न नसेल तर कसं वाटतं हा प्रश्न आला. एवढ्या नाचऱ्या चालीत भुकेची गोष्ट आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आणि मधे केल्विन टोस्टिंग (तालावर लयीत बोलणं) करतो ना, तो बारीक पण धीट आवाज, त्यासाठी मी ते गाणं कितीही वेळा लावेन.

नाही आवडलं ते पण सांगतो. पीटर कॉलिन्सचं प्रॉडक्शन जरा जास्तच चकचकीत आहे, रेडिओसाठी घासूनपुसून ठेवल्यासारखं, मला थोडा खरखरीतपणा चालला असता. 'हार्टब्रेकर' वगैरे प्रेमाची गाणी या वयाच्या आवाजात मला नाही पटत. 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' मात्र मस्त आहे, १९८३ ला ब्रिटनमध्ये ६ नंबरपर्यंत गेलं होतं (रिक अॅस्टलीचं नाही हं, ते १९८७ चं, हे वेगळंच गाणं आहे).

'ब्लाइंड बॉय' आणि 'चिल्ड्रन ऑफ झायन' ही दोन गाणी कुणी सुचवतच नाही, मी सुचवतो. अल्बमला माझ्याकडून पाचपैकी चार. ऐकायचा क्रम विचाराल तर 'यूथ ऑफ टुडे', मग 'ब्लाइंड बॉय', मग हिट गाणं, आणि पुढचा १९८३ चा 'डिफरंट स्टाइल!' सध्या राहू द्या, तो अमेरिकन आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) संगीताकडे झुकलेला आहे, आधी हा नीट ऐका.