सॅटेलाईट मेसेंजर दोन सीझन वापरल्यावर: एसओएस बटन ठीक आहे हो, पण आधी तो बीप बंद करा

दोन उन्हाळे ही डबी बॅगेला लटकवून फिरलोय म्हणून लिहितोय. ब्रँड मुद्दाम टाकत नाही, मला कुणा एका कंपनीच्या मागं लागायचं नाहीये. मुठीत मावते, वजन १०० ग्रॅमच्या आसपास, इरिडियमच्या सॅटेलाईटवर चालते (६६ सॅटेलाईट आहेत, साधारण ७८० किमी वरून फिरतात), त्यामुळं मोबाईलला रेंज नसली तरी १६० अक्षरांचा मेसेज जातो आणि येतो. किंमत ४०० डॉलरच्या आसपास आणि वरून दर महिन्याचं सबस्क्रिप्शन वेगळं, ते बघून बायको म्हणाली होती की एवढ्यात दोन नवीन तंबू आले असते.

घेतली होती पाय मुरगळला, वाट चुकली, अस्वल आडवं आलं असल्या कामांसाठी. उपयोग झाला भलत्याच गोष्टीला.

मागच्या ऑगस्टमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात शास्ता-ट्रिनिटी नॅशनल फॉरेस्टमध्ये गेलो होतो, मी, बायको आणि एक जुना मित्र. वर कुठंतरी धबधबा असेल म्हणून ट्रेल सोडून ओढ्याच्या कडेकडेनं चढत होतो, आणि ओढ्याला पाणी म्हणजे नुसती करंगळीएवढी धार. पुढं गेलो तर दगड रचून, त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून पाणी अडवलेलं, आणि त्यातून एक काळी नळी निघून झुडपात गेलेली. मित्राच्या घरची द्राक्षबाग आहे, त्यानं वाकून नळी दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "अरे, ही तर ठिबकची नळी! इथं कोण बाग लावतंय?" हसलाच तो. मग त्यानं हात काढला आणि हळूच म्हणाला, "गार आहे रे. आत पाणी चालू आहे."

म्हणजे बाग चालू होती. म्हणजे माळीपण तिथंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही गांजाची चोरटी शेती. लोक विचारतात की कॅलिफोर्नियात २०१६ ला मतदान होऊन गांजा कायदेशीर झाला, २०१८ पासून दुकानात मिळतो, मग जंगलात कशाला? अहो लायसन्स नाही, टॅक्स नाही, जमीन सरकारी म्हणजे फुकट, पाणी ओढ्याचं, आणि जिथं अजून बंदी आहे अशा राज्यांत माल जातो. एप्रिल-मेमध्ये लावणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी, आणि मधले सगळे महिने माणसं तिथंच ताडपत्रीखाली राहतात, पुष्कळदा बंदूक जवळ ठेवून. आपल्या हायकिंगचा सीझन आणि त्यांचा सीझन बरोब्बर एकच.

आणि बंदुकीइतकीच भीती फवारणीच्या औषधांची. अशा ठिकाणी कार्बोफ्युरान नावाचं जहाल कीटकनाशक सापडतं, बऱ्याचदा साध्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं, आणि ते पाव चमचा पोटात गेलं तरी माणूस जाऊ शकतो. अमेरिकेत २००९ मध्ये सरकारनं अन्नपिकांवरची त्याची परवानगी काढून घेतली. मित्राला नंतर हे नाव सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे फ्युराडानच की!" (त्याचंच बाजारातलं नाव.) शेतीवाल्या घरात ओळख करून द्यावी लागत नाही. उंदरांसाठी टाकलेल्या विषाचं तर विचारूच नका, २०१२ च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या ५८ मेलेल्या फिशरांची (मुंगसासारखा लांबट प्राणी) तपासणी केली तर ७९ टक्क्यांच्या अंगात ते निघालं. तेव्हा जंगलात बाटली, गोणी, डबा काही दिसलं तर उचलायचं नाही, "कचरा गोळा करू" हा चांगुलपणा तिथं नको, आणि त्या भागातलं ओढ्याचं पाणी फिल्टर लावूनपण पिऊ नका, साधा फिल्टर गाळासाठी नि जंतूंसाठी असतो, असल्या विषासाठी नाही.

आता डबीकडं येतो. अशा वेळी नियम एकच, आलो त्याच वाटेनं, आवाज न करता, लगेच मागं फिरायचं. फोटो नाही, हाका नाही, "कोण आहे रे" तर मुळीच नाही. मी काय शहाणपणा केला, तर तिथंच उभं राहून ताईला तयार मेसेज टाकला, लोकेशनसकट. डोक्यावर दाट झाडी, दोन्हीकडं दरीच्या उभ्या भिंती, सॅटेलाईट काही दिसेना, म्हणून खिशात टाकली आणि निघालो. दहा-बारा मिनिटांनी, आम्ही अजून ओढ्यातच, मेसेज गेला आणि डबीनं तो आनंद साजरा केला. बीप! त्या शांततेत तो आवाज म्हणजे लग्नातला बँजो वाटला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की ते इथं लिहीत नाही. तोवर ताईचा रिप्लाय, "काय झालं??" बीप. "अरे बोल ना" बीप.

आवाज सेटिंगमध्ये बंद होतो, हो. पण तो मेनूत तीन पायऱ्या आत आहे आणि हात थरथरत असताना तीन बटनांवर ते शोधून बघा एकदा.

दुसरी तक्रार ट्रॅकची. मी बॅटरी वाचवायला दर १० मिनिटांनी एक पॉइंट ठेवला होता, आणि त्याच वाटेनं परत जायचं म्हटल्यावर स्क्रीनवर काय, तर एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ, कड्यावरून थेट. खरी वाट दाखवली ती फोनमधल्या ऑफलाईन मॅपनं, फोन फ्लाईट मोडवर होता पण जीपीएस पावलापावलाची नोंद ठेवत होतं. तेव्हा ४०० डॉलरच्या डबीबरोबर फोनपण चार्ज ठेवा.

एसओएस का नाही दाबलं असं दोघातिघांनी विचारलं. ते बटन दाबलं की २४ तास चालणाऱ्या सेंटरला कळतं, तिथून शेरीफला (तिथला स्थानिक पोलीसप्रमुख), आणि मग माणसं किंवा हेलिकॉप्टर तुमच्याकडं यायला निघतात. आमचे पाय धड होते, आम्हाला तिथून सटकायचं होतं, तिथं कुणाची वाट बघत बसायचं नव्हतं. कुणाला लागलं असतं, किंवा वाट अडवली असती, तर दाबलंच असतं.

कौतुकाची गोष्ट मात्र एक आहे. दोन क्लिकमध्ये जागा सेव्ह होते, ती मी नळीजवळच केली होती. रेंजमध्ये आल्यावर शेरीफ ऑफिसला फोन केला, त्यांनी पहिलं काय मागितलं तर कोऑर्डिनेट्स, मग माणूस दिसला का, पाणी चालू होतं का, रस्त्यावर कुठली गाडी उभी होती. "मोठ्या दगडाच्या डावीकडं" असलं काही सांगत बसावं लागलं नाही. नुसता संकटाचा सिग्नल पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन घेतला तर सबस्क्रिप्शन लागत नाही (नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेकडं रजिस्टर मात्र करावा लागतो), पण तो फक्त "वाचवा" एवढंच ओरडतो, "आम्ही ठीक आहोत, परत येतोय" हे त्याला सांगता येत नाही. आयफोन १४ पासूनचं सॅटेलाईट एसओएस बॅकअप म्हणून छान, पण त्याला फोन उघड्यावर आकाशाकडं धरून उभं राहावं लागतं, आणि असल्या जागी उघड्यावर उभं राहणं हीच तर अडचण.

आता माझं सेटिंग असं: आवाज बंद, लाईट बंद, ट्रेल सोडला की ट्रॅक २ मिनिटांवर. आणि तयार मेसेज बदललाय, "परत फिरतोय, ठीक आहोत, रिप्लाय करू नकोस." ताई म्हणते असा मेसेज आल्यावर तर मी दहा रिप्लाय करीन.

५ पैकी साडेतीन स्टार. बीप कंपनीतूनच बंद आला असता तर चार दिले असते.