झर्मॅट आणि गोर्नरग्राटची ट्रेन, आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी वाचाच

बडोद्याच्या मे-जूनच्या उकाड्यातून सुटका हवी असेल आणि बजेट असेल तर स्वित्झर्लंडचं झर्मॅट बिनधास्त निवडा. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, कार खालच्या टॅश गावात ठेवून शटल ट्रेनने 12 मिनिटात वर यायचं, हवा इतकी स्वच्छ की काय सांगू! पण खरी मजा गोर्नरग्राट या डोंगरावर जाणाऱ्या ट्रेनची, 1898 पासून विजेवर चालतेय, दातेरी रुळावरून अर्ध्या तासात थेट 3,089 मीटरवर, गुडघेदुखीवाल्या आईलापण मॅटरहॉर्नचा डोंगर समोर बसून बघता आला. येताना रोटेनबोडेन स्टेशनला उतराच, थोडं चाललं की रिफेलझे तळं, सकाळी वारा नसताना त्यात अख्खा डोंगर दिसतो. तिकीट महाग, पण स्विस ट्रॅव्हल पासवर निम्मी सूट मिळते. जॅकेट जूनमध्येसुद्धा लागतंच. खाणं फारच महाग, दांडिया बाजारातून नेलेली भाकरवडी कामी आली.