स्कॅनर ठणठणीत होता, केबल बोगस होती

जुना फिल्म स्कॅनर नव्या कॉम्प्युटरला जोडायच्या खटपटीत असाल आणि कोणी "एक कन्व्हर्टर केबल घ्या, काम होऊन जाईल" म्हणत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे पैसे गेलेच, स्कॅनरही हातचा जाता जाता राहिला.

माझ्याकडे निकॉनचा सुपर कूलस्कॅन ८००० आहे. २००१ सालचं मॉडेल, ४००० डीपीआय, १२० फिल्मच्या मोठ्या निगेटिव्हही घेतो. अडचण एकच, तो फक्त फायरवायर या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालतो आणि नव्या लॅपटॉपवर ते पोर्ट नसतं. ऑनलाइन एक विक्रेता सापडला. त्याला मी मॉडेल, विंडोजची आवृत्ती, स्कॅनरच्या मागच्या पोर्टचा फोटो, सगळं पाठवलं. उत्तर आलं, "मॅडम, शंभर टक्के चालेल. अशा स्कॅनरसाठीच बनवलीय."

आलेल्या केबलच्या एका टोकाला सहा पिनांचं फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी. मधे डबी नाही, चिप नाही, नुसत्या तारा. अशा केबली आजही सर्रास विकल्या जातात, म्हणून जरा खोलात सांगते. यूएसबी २ मध्ये डेटासाठी तारांची एक जोडी असते, फायरवायरमध्ये दोन. त्यावरून चालणारी बोलाचालीची रीतच निराळी. पिन दोन्हीकडे घट्ट बसतात, पण पलीकडचं अलीकडे काहीही पोहोचत नाही. शिवाय यूएसबीवर ५ व्होल्ट असतात, तर फायरवायरचं पोर्ट ३० व्होल्टपर्यंत देऊ शकतं. उद्या ही केबल कोणी कॉम्प्युटरच्या फायरवायर पोर्टात लावून दुसऱ्या टोकाला एखादं यूएसबी यंत्र जोडलं, तर ते यंत्र जळू शकतं.

लॅपटॉपवर काहीच दिसत नाही म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला यंत्राशी बोलायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न आहे. ६४-बिटसाठी "खास तयार केलेला" ड्रायव्हर, त्याचे वेगळे पैसे, थेट त्याच्या खात्यावर. बोलणंही तोवर विक्रीच्या साइटवरून मेसेजिंगवर गेलं होतं. निकॉनचं जुनं सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजसाठी कधी निघालंच नाही, हे खरं आहे. त्याच खऱ्या गोष्टीवर त्याने आपला खोटा माल उभा केला.

पुढचा प्रकार नीट समजून घ्या, कारण याच डावात माणूस गार होतो. त्याने रिमोटवरून लॅपटॉपचा ताबा घेतला. मला विंडोज रीस्टार्ट करून निळ्या पडद्यावर ७ दाबायला लावलं, म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची, तो अधिकृत आहे का याची, तपासणी तेवढ्यापुरती बंद होते. मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली यंत्रांची यादी, उघडून, हार्डवेअर हाताने जोडायचा जो पर्याय असतो त्यातून, ती ड्रायव्हरची फाइल बसवली. यादीत "इमेजिंग डिव्हाइसेस"खाली माझ्या स्कॅनरचं नाव उमटलं. नावावर छोटा पिवळा त्रिकोण.

"बघा मॅडम, केबलने स्कॅनर ओळखला. आता एरर येतोय तो स्कॅनरमधून. बोर्ड गेलाय." दुरुस्ती कुठे होत नाही, पार्ट मिळत नाहीत, हेही लगेच सांगून झालं. आणि मग, "भंगारातच जाणार आहे, मी पार्टसाठी घेऊन जातो, केबलचे पैसे त्यात वळते करू."

मला खटकलं ते एवढंच की, हा स्कॅनर सुरू केल्यावर मोटरचा आवाज करत स्वतःची तपासणी पूर्ण करायचा आणि पुढचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर व्हायचा. बोर्ड गेलेलं यंत्र असं वागेल? मी केबल लॅपटॉपमधून उपसली. यादीतलं नाव जागच्या जागी. स्कॅनरचा प्लग भिंतीतून काढला. नाव तरीही तिथेच, पिवळ्या त्रिकोणासकट. म्हणजे ते नाव स्कॅनरने दिलेलं नव्हतंच, या माणसाने बसवलेलं होतं. हे विचारल्यावर आधी "विंडोज रिफ्रेश होत नाहीये" म्हणाला, मग नंबर ब्लॉक.

तक्रार केली, पण हाती काही लागलं नाही. साइटवरच्या वर्णनात फक्त "६ पिन ते यूएसबी केबल" असं लिहिलं होतं, आणि आली तीही तशीच केबल. "कन्व्हर्टर", "स्कॅनरला चालेल" हे सगळं खासगी मेसेजमधलं. ड्रायव्हरचे पैसे तर साइटच्या हिशोबात नव्हतेच. लॅपटॉपवर त्याचं रिमोट सॉफ्टवेअर कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होईल असं ठेवलेलं निघालं. ते काढलं, पासवर्ड बदलले. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर हे आजच करा.

स्कॅनर शेवटी चालला तो डेस्कटॉपवर. आतल्या पीसीआय एक्सप्रेस या कार्ड बसवायच्या स्लॉटमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं फायरवायर कार्ड टाकलं, साधी फायरवायर केबल लावली आणि व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर उघडलं. विंडोज १० आणि ११ मध्ये फायरवायर कार्डाचा ड्रायव्हर मुळातच असतो, आणि व्ह्यूस्कॅन जुन्या स्कॅनरशी स्वतःच बोलतं. त्याची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. स्कॅनवर वॉटरमार्क येतो, पण स्कॅनर ओळखला जातोय का ते पैसे न देता कळतं. थंडरबोल्ट हे वेगवान पोर्ट असलेल्या मॅकवर अ‍ॅपलच्या अ‍ॅडॅप्टरची साखळी करून जमतं, मात्र मॅकओएस २६ मध्ये फायरवायरच काढून टाकलंय, तेव्हा आवृत्ती बघून घ्या. साध्या यूएसबी-सी पोर्टवर तो अ‍ॅडॅप्टर चालत नाही, पोर्ट दिसायला सारखं असलं तरी. नऊ पिन ते सहा पिन फायरवायर ही केबल मात्र बिनधास्त घ्या, कारण दोन्हीकडे फायरवायरच आहे.

कूलस्कॅन ५ किंवा ५००० असेल तर तो थेट यूएसबीचा आहे. त्याला कन्व्हर्टर विकणारा सरळ लुबाडतोय.

स्कझी (SCSI) या आणखी जुन्या जोडणीचा स्कॅनर असणाऱ्यांना जास्त जपायला हवं. काही जुन्या स्कॅनरवरचं २५ पिनांचं स्कझी पोर्ट जुन्या प्रिंटर पोर्टसारखंच दिसतं, आणि प्रिंटरची यूएसबी केबल "स्कझी ते यूएसबी" म्हणून खपवली जाते. ती तिथे बसते, चालत मात्र नाही, आणि चुकीच्या पोर्टात लावल्याने यंत्राला इजाही होऊ शकते. आत चिप असलेले खरे स्कझी कन्व्हर्टर निघाले होते, पण बहुतेकांचे ड्रायव्हर जुन्या विंडोजपुरतेच आहेत.

विक्रेत्याकडे एकच व्हिडिओ मागा. तुमच्याच मॉडेलचा स्कॅनर, तुमचीच विंडोज किंवा मॅकओएस, स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव दिसतंय, केबल काढली की सॉफ्टवेअरला स्कॅनर सापडत नाही, परत लावली की सापडतो, आणि त्याच सलग चित्रणात एक फ्रेम पूर्ण स्कॅन होते. डिव्हाइस मॅनेजरचा नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर तो पुरावा धरू नका.