मुरगळलेल्या घोट्याची हरवलेली जाणीव: जुळे सोलापुरातील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी देखरेखीचे काम करतो. दिवसाचे आठ तास यंत्रमागांच्या रांगांमधून फिरावे लागते. गेल्या वर्षभरात माझा उजवा घोटा तीनदा मुरगळला. पहिल्या दोन वेळी अन्यत्र दहा-दहा दिवस मशीनचा शेक घेतला. सूज उतरली, दुखणे थांबले, पण सपाट फरशीवरही पाऊल वाकडे पडेल ही धास्ती गेली नाही. तिसऱ्या वेळी सहकाऱ्याच्या सांगण्यावरून या केंद्रात आलो.

येथील मॅडमनी पहिल्या दिवशी मला डोळे मिटायला सांगितले, डावे पाऊल एका कोनात वळवून धरले आणि उजवे पाऊल तसेच वळवायला लावले. डोळे उघडले तेव्हा दोन्हींत स्पष्ट फरक होता. अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे पट्टे), सांध्याचे आवरण आणि स्नायू यांतील संवेदक सांध्याच्या स्थितीची खबर मेंदूला सतत देत असतात. मुरगळल्यावर ही खबर बिघडते आणि दुखणे थांबल्यावरही ती आपोआप सुधारेलच असे नाही, हे त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले. माझ्या घोट्याचे कोडे मला तेव्हा प्रथमच उलगडले.

त्यानंतर टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायला लावला. डाव्या पायाचा अंगठा भिंतीपासून 11 सेंटिमीटर मागे नेता आला, उजव्याचा केवळ 6. हा ताठरपणा त्यांनी हाताने सांधा हलवून कमी केला. हाताने सांधे हलवण्याच्या मेटलंड नावाच्या पद्धतीत या हालचालींच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या दोन हळुवार पायऱ्या मुख्यतः वेदनेसाठी आणि पुढच्या दोन ताठरपणासाठी वापरतात, त्यामुळे दुखरा सांधा सुरुवातीलाच जोराने ओढला गेला नाही. मग एका पायावर उभे राहणे, तेच उशीवर, पुढे डगमगत्या फळीवर चेंडू झेलत, असा व्यायाम चढत गेला. सहाव्या आठवड्यात उजवा पाय 10 सेंटिमीटरपर्यंत पोहोचला. मशीनच्या शेकाने तात्पुरता आराम मिळतो, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्या पायाला आधार वाटू लागला तो या हालचालींमुळेच, असे माझे ठाम मत आहे.

एका वेळचे 350 रुपये मला योग्य वाटले. संध्याकाळी सहानंतर मात्र गर्दी असते आणि मॅडमचे लक्ष विभागले जाते, म्हणून सकाळची वेळ घ्यावी. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. गुडघ्याच्या रुग्णांसाठी ही मोठीच अडचण आहे. घरच्या व्यायामाचा कागदही फक्त इंग्रजीत मिळतो. येथे येणाऱ्या कामगारांत तेलुगू घरांतले अनेक जण आहेत, तेव्हा तो मराठीत आणि तेलुगूत छापून द्यावा, अशी विनंती मी मॅडमना केली आहे.