पित्ताशयातले खडे ‘पाडून’ देणाऱ्यांचा धंदा

ठाणे स्टेशनबाहेर हातात सोनोग्राफीचं पाकीट दिसलं की कोणीतरी आपुलकीने विचारतं, “काका, खड्यांचा त्रास का? आमच्या मेहुण्याचे बिनाऑपरेशन पडले.” हाच माणूस दुकानापर्यंत सोडायला येतो. कळव्याच्या एका गृहस्थांना तिथे कुटकी, भुईआवळा, दारुहळद आणि ‘खास भस्म’ लिहून दिलं. भस्माचे ४०० रुपये सांगितले. पुडीचे की ग्रॅमचे, ते मोघमच. ३० ग्रॅम भस्म चूर्णात खलून झाल्यावर एकट्या भस्माचे १२,००० मागितले. मिसळलेला माल परत घेत नाहीत, म्हणून तर आधी खल आणि मग बिल.

पैशापेक्षा वाईट सोबतची पित्ताशयाची ‘शुद्धी’. संध्याकाळी एप्सम सॉल्ट (जुलाबाचं मीठ), रात्री अर्धा कप ऑलिव्ह तेल आणि तेवढाच लिंबाचा रस. सकाळी जुलाबातून हिरवट मऊ गोळ्या पडतात, लगेच फोटो नातेवाइकांना जातात. पण तो साबण असतो! तेल आतड्यात पचताना सुटणारी मेदाम्लं आणि लिंबातलं पोटॅशियम मिळून तो बनतो. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी छापून आली: ४० अंश सेल्सिअसला वितळल्या, कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नाही. खरा खडा कोमट पाण्यात वितळत नाही. पेशंट मात्र ‘सुटलो’ म्हणून पुन्हा सोनोग्राफी करत नाही, आणि दुकानदाराला तेच हवं असतं.

कुटकीतली पिक्रोसाइड्स, दारुहळदीतलं बर्बेरिन यांच्यावर संशोधन झालंय, पण तयार खडा त्यांनी विरघळतो याचा भरवशाचा पुरावा नाही. हळदीचं उलटंच: तिच्यातल्या कर्क्युमिन या घटकाच्या २० मिलिग्रॅमनेही निरोगी माणसाचं पित्ताशय आकुंचन पावतं. आत बारीक खडे असतील तर ते पित्तनलिकेत सरकून अडकू शकतात. मग कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. घरच्या भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. उजव्या बरगडीखाली न थांबणारी कळ, थंडीताप, पिवळे डोळे यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

तयार आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटक, उत्पादन परवाना आणि बॅच क्रमांक लागतोच. पित्तखडे बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंद आहे, त्यामुळे दुकानाच्या जाहिरात-पत्रकाचा फोटो काढून ठेवा. पैसे गेलेच असतील तर उरलेलं चूर्ण मूळ पुडीतच सीलबंद करा, यूपीआयची पावती जोडा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात लेखी तक्रार द्या. बिल दिलं नसेल तर तेही तक्रारीत लिहा.