लेबलवर ३२००, आत २६६६: लॅपटॉपच्या रॅममध्ये असं गंडवतात

१६ अधिक १६, एकूण ३२ जीबी, डीडीआर४, वेग ३२००, सीलबंद जोडी. असं सांगून माथी मारलेल्या दोन स्टिकपैकी एकीवर २६६६च्या चिप्स निघाल्या आणि दुसरी तिची जोडीदारच नव्हती. पैसे मात्र पूर्ण ३२००च्या जोडीचे. संताप याचा येतो की ही चोरी पहिल्या दिवशी दिसतच नाही. लॅपटॉप सुरू होतो. टास्क मॅनेजर ३२ जीबी दाखवतो, वेगही ३२०० दाखवतो. घेणाऱ्याने आणखी काय तपासायचं?

रॅमवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. वेग आणि टायमिंग (चिपने किती वेळात उत्तर द्यायचं ते आकडे) बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, त्यातूनच वाचतं, आणि त्यातली नोंद बदलता येते. २६६६ला पास झालेल्या चिपवर ३२००ची नोंद चढवली, की बायोस तिला मुकाट्याने ३२००ने पळवतं. थंड असताना ती पळतेही. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधली एसपीडीची माहिती म्हणजे याच नोंदीचं वाचन, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसलं म्हणून माल अस्सल ठरत नाही.

पितळ उघडं पडतं ते कामाच्या भाराखाली. अनरीअल या गेम इंजिनमध्ये सी++ कोड बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवताना, दर प्रोसेसमागे १.५ जीबी मोकळी मेमरी धरलेली असते. ८ प्रोसेस म्हणजे १२ जीबी, वर एडिटर आणि शेडर (पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करणारे वर्कर. मेमरी काठोकाठ भरते, कीबोर्डखाली उष्णता साठते, आणि एकही ओळ न बदलता कंपायलर कधी या फाइलवर कोसळतो, कधी त्या. लोक इंजिन पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, विंडोज पुसतात. कोडमधली चूक सहसा जिथल्या तिथे सापडते. दर बिल्डला जागा बदलणारी चूक दिसली, की पहिला संशय रॅमवर घ्या.

जीव जळतो तो पाकीट फोडतानाच्या क्षणापाशी. पुरावा तेव्हाच हातात होता. स्टिकर दोन्हींवर १आर×८, म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिप्सचा गट) आणि ८ बिटच्या चिप्स. लॅपटॉपच्या साध्या डीडीआर४ रॅमची रुंदी ६४ बिट, प्रत्येक चिप ८ बिटची, म्हणजे एका रँकला बरोबर ८ चिप्स. एका स्टिकवर दोन्ही बाजू धरून ८ होत्या, दुसरीवर १६. सोळा चिप्सची स्टिक १आर×८ असूच शकत नाही! ती २आर×८. पण रॅम घेताना चिप्स मोजायला कोणी सांगतं का? सगळे सांगतात ते जीबी आणि वेग. ज्याने स्टिकर चिकटवलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दोष घेणाऱ्याच्या माथी मारू नका.

चिपवरची अक्षरंही वाचा, टॉर्च तिरका धरून. सॅमसंगच्या डीडीआर४ चिपचा कोड ‘बीसीडब्ल्यूई’ने संपला तर ३२००, ‘बीसीटीडी’ने संपला तर २६६६. हायनिक्समध्ये ‘एक्सएनसी’ ३२००चा, ‘व्हीकेसी’ २६६६चा.

आता तक्रारीचं. विक्रेता म्हणतो, “तुमचा लॅपटॉपच सपोर्ट करत नाही.” ज्या साइटवरून माल घेतला तिचा कक्ष स्क्रीनशॉट मागतो, त्यात ३२ जीबी आणि ३२०० दिसतं, की “उत्पादन वर्णनानुसार आहे” म्हणून तक्रार बंद. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या चुकांच्या लाल ओळींचा फोटो पाठवला तर “ही सॉफ्टवेअरची समस्या”. चिप्सचे फोटो पाठवा म्हणतात. बऱ्याच चिप्स स्टिकरखाली असतात, आणि स्टिकर उचललं की वॉरंटी रद्द! ज्या कंपनीचं नाव वापरलं ती सांगते हा सीरियल नंबर वेगळ्याच स्टिकचा आहे, पण तेवढंच लेखी द्या म्हटलं की गप्प. वरच्या यंत्रणेकडे जावं तर रक्कम लहान, आधी विक्रेत्याशी बोला. ही टोलवाटोलवी चालते ती परतीची मुदत उलटेपर्यंत. ज्यांचं काम चोराला धरणं, ते ग्राहकालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात.

म्हणून पाकीट फोडताना सलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर आणि दोन्ही बाजूंच्या चिप्स स्पष्ट दिसतील असा. जुनी रॅम दुकानात सोडू नका. तीच परत लावून तोच बिल्ड नीट झाला, तर “लॅपटॉप खराब” हे उत्तर तिथेच मोडतं. मेमटेस्ट८६+ मोठा बिल्ड संपल्यावर लगेच, मशीन गरम असताना लावा आणि निदान चार फेऱ्या होऊ द्या. एकसुद्धा चूक म्हणजे माल परत. १६च्या जोडीऐवजी ३२ची एकच स्टिक आली तर घेऊ नका: डीडीआर४-३२००ला एका चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) सेकंदाला २५.६ जीबी, दोनवर ५१.२, आणि एक स्टिक एकच चॅनेल वापरते. एक्सएमपीचा (रॅममध्ये वेगळा नोंदलेला वाढीव) वेग जाहिरातीत असेल तर दुर्लक्ष करा, बहुतेक लॅपटॉपचं बायोस तो लावतच नाही. आणि मुळात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का, हे आधी बघा. ‘एलपीडीडीआर’ लिहिलं असेल तर बहुधा तशीच असते.

सदोष रॅमवर झालेल्या कामाचं काय, हे कोणी विचारतच नाही. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनचं लायब्ररी फोल्डर, अनरीअलची इंटरमीडिएट आणि डिराइव्ह्ड डेटा कॅशे ही फोल्डरं उडवा, ती पुन्हा तयार होतात. पण त्या काळात सेव्ह केलेले ॲसेट (गेममधली मॉडेल, चित्रं, आवाज) एकेक उघडून बघावे लागतील. फाइलींच्या आवृत्त्या जपणारं गिट त्यातलं बिघडलेपण पकडणार नाही. मेमरीत मोडलेली फाइल कमिट केली, तर ते ती मोडलेलीच इमानेइतबारे जपून ठेवतं.