एस्सिटालोप्रॅम की अमिट्रिप्टिलिन?
दोन्ही नैराश्यावरच्या (डिप्रेशनच्या) गोळ्या. परभणीच्या आमच्या आत्याला आधी अमिट्रिप्टिलिन दिलं होतं. झोप लागायची, पण सकाळी भाकरी थापताना झापड यायची, तोंड कोरडं पडायचं. त्यात मे महिन्याचं ऊन, अन् या गोळीनं घामही कमी येतो! जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, म्हणून पाकीट आतेभाऊ स्वतःजवळ ठेवायचा.

एस्सिटालोप्रॅम त्या मानानं बरं. सुरुवातीला मळमळ होते, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या पोरांवर मात्र पहिले काही आठवडे नजर हवी, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. गुडघेदुखीला आयबुप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरला सांगा. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. अन् ऊसतोडीला निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या मोजून सोबत घ्या. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं.